राजेश्वरच्या भोंग्यांवर सतार

हुमनाबाद
५ जानेवारी २०२५

ती. रेणुआत्या,

पाया पडतो आणि उठायच्या आत मागतो. मला सतार पाहिजे. वाजवायची नाही, ऐकायची. तू रेडिओ केंद्रात सगळी नोकरी रेकॉर्डी सांभाळण्यात घालवलीस, घरीही स्वतःच्या कपाटभर जमवल्यास. त्यातल्या भारीतल्या भारी दोन-तीन मला पेन ड्राइव्हवर भरून पाठव. जरा घाई आहे.

कारण धंद्याचं आहे. आजकाल मोठ्या लग्नांत पंगत बसली की लोक म्हणतात, आता जरा मऊ काहीतरी लावा. आपल्याकडे मऊ काही नाही. आपल्याकडे आहेत मोठे बॉक्स, चार भोंगे आणि नाचायची गाणी.

तुला फोन केला तर तू "पत्र लिही" म्हणून ठेवून देतेस. शाळा सुटल्यापासून मी बिलाशिवाय काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस. सतारीत काय काय असतं ते थोडक्यात कळव. आणि "वाहवा" नेमकं कुठे म्हणायचं असतं, तेवढं नक्की लिही.

तुझा
सुनीलकुमार

•

कलबुर्गी
८ जानेवारी

सुन्या,

आशीर्वाद देते, पण आधी हसून घेऊ दे. तुझ्या बहिणीच्या लग्नात तुझ्या बॉक्सांनी माझ्या कपातला चहा हलत होता. त्या माणसाला आता पंगतीत सतार हवी! लहानपणी तू खोटं बोलायचास तेव्हा कुणी विचारायच्या आत कारण सांगायचास. सवय अजून तीच आहे. असो, मी विचारत नाही. फार दिवस तुला पोटात ठेवता यायचं नाही.

पेन ड्राइव्ह हुमनाबादच्या बसवरच्या हणमंतप्पा कंडक्टरच्या हाती पाठवते आहे. भला माणूस आहे, तूही उत्तर त्याच्याच हाती दे. त्यात सात रेकॉर्डिंगं आहेत. नावं मुद्दाम लिहिली नाहीत, एक ते सात नुसते आकडे आहेत. नाव दिसलं की माणूस नावच ऐकत बसतो. माझी अट एकच. ऐकायचं आणि मला लिहायचं. फोनवर तू "व्हय व्हय, लई भारी" म्हणून सुटशील. कागदावर चार ओळी लिहायच्या तर ऐकावंच लागतं.

आता ओळख. एक नंबरला आलाप आहे. आलापात वाजवणारा रागाची एकेक जागा उघडून दाखवतो, पाहुण्याला घर दाखवावं तसं, आणि त्याला मुळीच घाई नसते. मग जोड येतो, त्यात चाल लागते. मग 'झाला' येतो, त्यात सतार अशी पळते की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. त्यानंतर तबला येतो आणि गत सुरू होते. दोन नंबर ग्रामोफोनच्या जुन्या तव्याची रेकॉर्ड आहे. तिच्यावर जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून बिचाऱ्याने सगळा राग त्यात दाबून भरला आहे. मागे खरखर आहे, तिला शिव्या देऊ नकोस. तीन नंबरला बागेश्री आहे, मैफिलीतली. त्यात एक गृहस्थ खोकतात, मी गेली कित्येक वर्षं त्यांना ओळखते. चार नंबरमध्ये भर वाजवताना तार उतरते, आणि तो वाजवता वाजवता खुंटी पिळून तिला जागेवर आणतो. ती जागा सापडली की मला लिही. बाकीची नंतर.

वाहवा कुठे म्हणायचं ते लिहून देता येत नाही. तुझ्या तोंडातून ती आपोआप बाहेर पडली तर ती खरी. नाही पडली तर गप्प बस, तेही चालतं.

तुझी
रेणुआत्या

•

हुमनाबाद
१४ जानेवारी, संक्रांत

ती. आत्या,

तिळगूळ हणमंतप्पाजवळ दिला आहे. त्यातला थोडा तो खाईल.

एक नंबर लावला. आत्या, वीस मिनिटं झाली तरी तबला येईना! मला वाटलं, एका बाजूचा आवाज गेला. पिन काढून पुसली, वायर बदलली, शेवटी मशीनचं झाकण उघडून आत फुंकर मारली. शेजारचा टायरवाला म्हणाला, "सुनीलअण्णा, बाजा लावायलेत का बिघडवायलेत?" मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि झाकण लावलं. त्या दिवशी दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा तबला आला तेव्हा मला जरा वाईटच वाटलं, आधीचं संपलं म्हणून. हे मी कुणाला सांगणार नाही, तुला सांगतोय.

चार नंबरमधली उतरलेली तार सापडली. असा हुशार माणूस मला दुकानात पाहिजे.

आता पोटातलं. धंद्याचं कारण खोटं होतं. येळवसेच्या अमावस्येला राजेश्वर गावी एका गिऱ्हाइकाच्या शेतात जेवायला गेलो होतो. त्या दिवशी कुणी कुणाच्याही शेतात जेवतो, तुला माहीत आहे. शेजारच्या शेतातूनही बोलावणं आलं. तिथे कडब्याच्या खोपीजवळ एक मुलगी आंबिलीचा तांब्या घेऊन बसली होती आणि एका कानात वायर होती. मी विचारलं, काय ऐकायलाव? म्हणाली, सतार. आणि आत्या, माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी पण लहानपणापासून सतारच ऐकतो, माझी आत्या रेडिओत होती." ती म्हणाली, "व्हय? मग तुमच्या आवडीचं काय ते मला ऐकवा एकदा." मी आंबिलीचा पेला तोंडाला लावून वेळ मारून नेली.

तिचं नाव प्रतीक्षा. राजेश्वरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. वडील पिराप्पा, दोनदा ग्रामपंचायतीचे अध्यक्ष होते. आजा मेंढरं राखायचा, आता यांचा ऊस आहे. आपल्यातलेच आहेत, मी चौकशी केली. काल ती गॅदरिंगचा साऊंड ठरवायला दुकानात आली होती. विचारलं, तुमची आवडती कोणती? मी म्हणालो, "तीन नंबर."

आत्या, मला हिच्याशी लग्न करायचं आहे. दुसरं काही सुचत नाही. वायरी उलट्या जोडायलोय. काय ऐकवू ते सांग.

तुझा
सुनील

•

कलबुर्गी
१७ जानेवारी

अरे लबाडा,

तिळगूळ अर्धाच पोचला. पण पत्र वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात नाचले, गुडघा दुखतो तरी. "तीन नंबर" म्हणालास! देवा रे. उद्या लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तर बायकोचाही नंबर सांगशील.

आता नीट ऐक. जी ऐकताना तुझ्या हातातलं काम राहून गेलं, तीच तिला ऐकव. दुसऱ्याची आवड उसनी घेऊ नकोस, माझी तर नकोच. पाच नंबर ऐकलीस का? सकाळची तोडी आहे. तोडी जरा उदास वाटते, पण ते रडणं नव्हे. पहाटे सगळे झोपलेले असताना आपण एकटे उठून बसतो, तसं काहीतरी. आलाप चांगला पाऊण तास आहे. सहा नंबर त्याच माणसाचा मारवा, तो संध्याकाळसाठी ठेव. सात नंबरबद्दल मी काहीच लिहीत नाही. ती लागेल तेव्हा लागेल.

आणि एकदा हे सगळं त्या कोंदट दुकानात न ऐकता मोकळ्यावर ऐक, तुझ्या मोठ्या साऊंडवर. खालच्या तारेचा घुमारा छोट्या डब्यात कळत नाही. सकाळच्या वेळी, आजूबाजूला शांत असताना, आवाज बेताचा ठेवून. मग बघ.

मुलगी शिकवते म्हणजे उत्तर तपासणारच. खोटं लवकर सांगून टाक.

रेणुआत्या

•

हुमनाबाद
२५ जानेवारी

ती. आत्या,

तू सांगितलंस तसं केलं. तुझा भाचा संपला.

परवा गॅदरिंग होतं. मी सकाळीच राजेश्वरला जाऊन हायस्कुलाच्या गच्चीवर चार भोंगे बांधले. प्रतीक्षा आदल्या दिवशी वडिलांना घेऊन कलबुर्गीला गेली होती, त्यांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला. सकाळी जीपने परत येणार होती. मी म्हटलं, ती गावात शिरेल तेव्हा सतार वाजत असली पाहिजे. गावभर, आभाळातून आल्यासारखी. पाच नंबर लावली. आवाज बेताचाच ठेवला, पण आत्या, भोंग्यांचा बेत तुला माहीत आहे.

काय घुमारा! मी डोळे मिटून गच्चीवर बसलो. डोळे उघडले तर समोरचं किराणा दुकान बंद. त्याच्या शेजारचं बंद. हॉटेलवाला चूल विझवायलाय. खाली उतरलो, एका म्हाताऱ्याला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "कोन गेलं की रे बाबा. ऐकू येईना का? इंदिराबाई गेल्ती तवा असंच वाजलं हुतं रेडिओवर. चार दिवस हेच." मी म्हटलं, अहो कुणी नाही गेलं. तो म्हणाला, "मग उगंच वाजवतेत व्हय?"

पुढारी कोण गेला ते मोबाईलमध्ये सापडेना. मग कुणीतरी म्हणालं, गावच्या भोंग्यावर वाजायलंय म्हणजे गावातलाच माणूस. दुसरा म्हणाला, पिराप्पाला काल जीपमध्ये घालून दवाखान्यात न्हेलं की. झालं! शेजारच्या चंद्रभागाबाईंनी पिराप्पांच्या दारात जाऊन हंबरडा फोडला. हायस्कुलासमोरच्या चिंचेखाली माणसं गोळा झाली. कुणी हार आणले, कुणी तिरडीच्या बांबूला पाठवलं. मी मशीन बंद करायला वर पळालो, तर राघोबा पाटील आधीच माझ्या माईकपाशी. हे राघोबा पंचायतीत पिराप्पांच्या विरोधात असतात, दोघांत बोलणं नाही. ते माईकवर रडायला लागले. "पिराप्पासारखा मानूस ह्या गावाला परत मिळायचा न्हाई! त्यानं आनलेल्या नळाचं पानी मीबी पितो!" मागे सतार चालूच. मी बटणाला हात घातला तर राघोबांनी माझा हात धरला, म्हणाले, "ऱ्हाऊ दे, बरं वाटायलंय."

जीप वेशीपाशी येऊन थांबलेली मी गच्चीवरून बघितली. आत पिराप्पा, डोळ्याला हिरवी पट्टी. शेजारी प्रतीक्षा, ओढणीत तोंड लपवून रडायली होती, खांदे हलताना वरूनही दिसत होते. बापाचं मरण बापाच्या शेजारी बसून ऐकायचं म्हणजे काय! राघोबांचं भाषण संपेपर्यंत जीप हलली नाही. संपलं तसा मी खाली धावलो आणि पिराप्पा उतरले. हार घेऊन उभ्या असलेल्या माणसांच्या मधून चालत आले आणि म्हणाले, "कोन मेलंय? आन् हे कुनी लावलंय?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं.

पिराप्पा सगळ्या गावासमोर म्हणाले, "ह्या पोराची वायर पुन्हा गावात दिसली तर तोडून टाकतो." मी प्रतीक्षाला सगळं खरं सांगून टाकलं, तिथल्या तिथे. सतार मी याच महिन्यात पहिल्यांदा ऐकली, लहानपणापासून वगैरे सगळं खोटं. ती तोंडावरची ओढणी न काढता घरात निघून गेली. गॅदरिंग माईकशिवाय झालं.

आता मी सतारही ऐकत नाही आणि काहीच ऐकत नाही.

सुनील

•

कलबुर्गी
२७ जानेवारी

सुन्या, माझ्या राजा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा हसून हसून पोटात कळ आली. शेजारीण बघायला आली. मला माफ कर. आता खरंच माफ कर, कारण चूक माझी आहे.

मोठं कुणी गेलं की केंद्रावर गाणी, नाटकं, जाहिराती सगळं बंद व्हायचं आणि आम्ही नुसती वाद्यं लावायचो. सतार, सारंगी, सनई. त्या दिवसांत कपाटातून तोडी आणि मारवा काढणारे हात माझे होते. खेड्यापाड्यांत बाकी वर्षभर सतार कोण ऐकणार? रेडिओ लागायचा तो बाजारभावाला आणि सिनेमाच्या गाण्यांना. तेव्हा तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना सतार भेटली ती अशीच, मरणाची बातमी घेऊन. मी आयुष्यभर लावत राहिले आणि पलीकडे ऐकणाऱ्याला काय वाटत असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तुला मोकळ्यावर लाव म्हणताना तरी यायला हवं होतं.

पण तू हे सोडून द्यायचं नाहीस. पिराप्पांना टीव्ही बघायचा नाही, वाकायचं नाही, उन्हात जायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं असणार. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी मी कंटाळून भिंतीशी बोलत होते. म्हणजे सध्या त्यांच्याकडे फक्त कान आहेत. जा. भोंगे नेऊ नकोस, छोटा स्पीकर ने. माफी माग, आणि ऐकवू का म्हणून विचार. नको म्हणाले तर परत ये. हो म्हणाले तर सात नंबर लाव, आणि ती वाजत असताना तोंड उघडू नकोस.

माझा पत्ता प्रतीक्षाला दे. तुझ्याबद्दल काही विचारायचं असेल तर तिने मला विचारावं. मी खरं तेच सांगेन, तुझी धडगत नाही.

रेणुआत्या

•

राजेश्वर
३ फेब्रुवारी

सौ. रेणुकाबाईंना प्रतीक्षाचा नमस्कार.

तुमचा पत्ता सुनीलकुमारांनी एका चिठ्ठीवर लिहून दिला. देताना ते म्हणाले, "आत्या माझ्याबद्दल काहीपण सांगंल, ते खरं असतंय." असा पत्ता देणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

आधी एक गैरसमज दूर करते. त्या दिवशी जीपमध्ये मी रडत नव्हते. मी हसत होते. ओढणी तोंडात कोंबली होती तरी आवाज बाहेर येत होता. वेशीवर तोडी ऐकली तेव्हा मला कळलंच हे कुणाचं काम आहे. मी ड्रायव्हरला म्हटलं, पटकन घराकडे घ्या. तर अप्पांनी माझा हात धरला. राघोबा काका भोंग्यावर त्यांच्या नळाबद्दल रडत होते. अप्पा म्हणाले, "थांब गं. इतक्या वर्सांनी बोलायलाय, संपू दे." आणि पट्टी बांधलेला माणूस तिथे बसून स्वतःबद्दलचं चांगलं चांगलं शेवटपर्यंत ऐकत राहिला. घरात जातानाही मी ओढणी काढली नाही, कारण काढली असती तर सगळ्या गावासमोर हसू फुटलं असतं. तो राग नव्हता.

खोटेपणाचं म्हणाल, तर तो मला "तीन नंबर"लाच कळला होता. पण त्यानंतर मी साऊंड ठरवायचं निमित्त करून आणखी दोनदा दुकानासमोरून गेले. दोन्ही वेळा आत आलाप चालू होता आणि हे हातात उघडी पक्कड धरून तसेच उभे होते. समोर गिऱ्हाईक ओरडत होतं. त्यांना मी दिसलेसुद्धा नाही.

काल ते घरी आले. अप्पांनी आवाज ओळखला आणि म्हणाले, "आता कोन मेलंय?" हे दारातच उभे. माफी मागितली. खोटं बोललो तेही सांगितलं, आणि कशासाठी बोललो तेही सांगून टाकलं. माझ्यासमोर, आईसमोर! मी आत पळाले, पण दाराआडून ऐकत होते. अप्पांनी उशी पाठीला लावून घेतली. मग म्हणाले, "टीव्ही बंद, पेपर बंद, उगंच पडून जीव चाललाय. लाव, काय लावायचंय ते."

सात नंबर. रेणुकाबाई, ही तुम्ही इतके दिवस कुठे ठेवली होती? देस रागातली ती गत सुरू झाली आणि आईचं पीठ मळणं थांबलं. अप्पांचा पाय चादरीखाली हलायला लागला. गतीच्याही शेवटी झाला होता, त्यात तर तारा अशा उसळत होत्या की अप्पा मान डोलवायला लागले. मी ओरडले, अप्पा, डोळा! तर म्हणाले, "डाक्टरनं वाकू नको म्हनलंय, मान हालवू नको म्हनला न्हाई." सुनीलकुमार कोपऱ्यात मांडी घालून बसले होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, ओठ हलत होते, पण बोलले नाहीत. शेवटी तबला आणि सतार एकदम समेवर येऊन थांबली तेव्हा कुणाच्या तरी तोंडून "आय्यो!" निघालं. ते अप्पा होते.

मग अप्पा म्हणाले, "हे वाजवतेत व्हय मेलेल्या मानसापुढं? मेलेल्याला काय कळायलंय! जित्या मानसाला कामून ऐकवत न्हाईत?" पट्टीखालून पाणी आलं. आईने घाबरून डॉक्टरांना फोन लावला. अप्पा म्हणाले, "डोळ्याचं न्हाई ते, ठेव फोन." आणि सुनीलकुमारांना म्हणाले, "पुन्हा लाव. आन् राघोबाला बोलावून आन, म्हनावं जित्ता हाय, ये."

राघोबा काका आले. दोघं एका बाजेवर बसून ऐकत होते. सुनीलकुमार निघताना अप्पांनी त्यांना सांगितलं की लग्नाचं पोरीनं ठरवायचं, पोरगी हो म्हणाली तर त्यांची ना नाही.

सुनीलकुमारांनी मला काही विचारलं नाही. दारात चपला घालताना एवढंच म्हणाले, "सहा नंबर संध्याकाळचा आहे, अजून ऐकला न्हाई. एकट्यानं ऐकावा वाटेना."

तुम्हाला विचारायचं म्हणून मी लिहायला बसले होते, की हा माणूस कसा आहे. पण इथवर लिहून झाल्यावर बघते तर विचारायचं काही उरलंच नाही. माझं उत्तर हो आहे. ते त्यांना अजून सांगितलेलं नाही, मी उद्या संध्याकाळी दुकानात जाऊन सांगणार आहे, मारवा ऐकून झाल्यावर. तुम्हाला मात्र आजच सांगते, कारण मला राहवत नाही आणि घरात सांगितलं तर भोंगा लागेल.

तुमची होऊ घातलेली भाचेसून,
प्रतीक्षा